दाळीपुरतं पाणी

आत्या, आज सकाळी सुनेनं विचारलं, तुमची उडदाची दाळ एवढी मऊ कशी होते. म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षराला हसू नका, तुम्हाला तर तेवढंही येत नव्हतं.

गुजरातेत, पांडेसऱ्यातली पत्र्याची खोली. तुमचा लेक, माझा नवरा, मिलमध्ये रंगखात्यात. बोरिंगचं पाणी खारं, उडीद त्यात शिजता शिजत नाही. शेजारणींची दाळ दाताखाली कचकच, माझी मात्र लोणी. शिजत घालायच्या तुम्ही, मी फक्त घोटायची आणि काळा मसाला घालून फोडणी द्यायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी कुस्करून तुमचा लेक जेवायचा, म्हणायचा हिच्या हाताला चव आहे. तुम्ही मान डोलवायच्या. मी फुगायची.

रोज सकाळी तुम्ही कळशी घेऊन महादेवाला निघायच्या, त्या तासाभरानं यायच्या. माझ्यापुढे टिकल्या लावायच्या साड्यांचा ढीग. एक दिवस शेजारणींसमोर बोलले मी, "देव तरी किती पाणी पितो, आत्या? घरात हात लावा जरा." सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही परत कळशी घेऊन निघाल्या.

मग तुम्ही लग्नाला गावी गेल्या आणि माझी दाळ शिजेना. सोडा घातला तर नुसती खळ झाली. तुमचा लेक म्हणाला, हात कुठं ठेवून आलीस? चौथ्या दिवशी रस्त्यापलीकडच्या सोसायटीतली म्हातारी गुजराती बा दारात येऊन म्हणते, "मासी पाणी लेवा केम नथी आवती?" मावशी, म्हणजे तुम्ही, पाणी न्यायला का येत नाही. तिच्या नळाचं गोडं पाणी. रोज एक कळशी, दाळीपुरतं. येताना ती भरलेली असते, हे मी साड्यांतून मान वर करून कधी बघितलंच नाही. कोणाच्या दारी काही मागायचं नाही हा नियम माझा, म्हणून तुम्ही महादेवाचं नाव पुढं केलेलं.

तुम्ही आल्या त्या दिवशी बाच्या घरी जाऊन कळशी मीच भरून आणली होती. तुम्ही ती बघितली. मी मान खाली घालून स्टोव्हला पिन मारत बसले. ताट वाढलं, पण मी भाकरी नुसती चिवडत बसले. तुम्ही म्हणाल्या, "दाय शिजनी ना? मंग जेव." दाळ शिजली होती, अगदी लोणी. माफी मी तेव्हाही मागितली नाही, मग तुम्हीच गेल्या आणि ती राहूनच गेली.

हा कागद टाकू कुठं, उडदाच्या डब्याखालीच ठेवते. आणि आत्या, सुनेला मी कळशीचं सांगितलं नाही. म्हटलं, हाताची चव असते.