काचेतला ड्यूई

शनिवार, १८ एप्रिल २००९

एक लॉकेट अठरा डॉलर. आज बाजारात एक बाई म्हणाली, "दोन काचा आणि मधे एक चिटोरं, त्याचे अठरा?" मी नुसता हसलो. पण इथं खरं लिहायला हरकत नाही. काचेचे दोन तुकडे – साठ सेंट. कडेची तांब्याची पट्टी – तीस. डाख – चाळीस. वरची कडी – दहा. आतलं शंभर वर्षांचं पत्र जवळजवळ फुकट. लिलावात अख्खी पेटी बारा डॉलरला उचलली होती. दीड डॉलर धरा. बाकीचे साडेसोळा या हाताचे. एकोणिसाव्या वर्षी उसन्या गॅस-टॉर्चवर गाड्यांचे रेडिएटर झाळायला लागलो, चाळिशीत सहा माणसं माझ्या पगारावर होती. मग प्लास्टिकचे रेडिएटर आले आणि दुकानाला कुलूप लागलं. हात मात्र शाबूत आहे.

त्या बाईला तेच सांगितलं जे सगळ्यांना सांगतो – अकरा वर्षांत माझ्या हातचं एकही परत आलेलं नाही. पहिलं लॉकेट अठ्ठ्याण्णव साली एका नवरीला विकलं. आत तिच्या आजीचं पत्र. अजून तिच्या गळ्यात आहे. बाईनं दोन घेतली.

कॉफी घेऊन परत येताना शेजारच्या ठेल्यामागून आवाज आला. थेल्मा प्रेदर. मुरंबे विकते, माझ्या बायकोची जिवाभावाची मैत्रीण. "या महिन्यात दोन झाले," म्हणत होती. आणि आमची नोला – "हळू बोल. त्याचे कान ठाऊक आहेत ना?"

मी पोचलो तेव्हा दोघी पीचच्या मुरंब्याबद्दल बोलत होत्या. एप्रिलात पीच?

दुकानात असताना मी रेडिएटर पाण्यात न बुडवता गळती कुठं आहे ते कानानं सांगायचो. बारीक 'स्स' ऐकू यायचं. इथंही कुठंतरी गळतंय.

मंगळवार, २१ एप्रिल

नोला लायब्ररीत गेली. दर मंगळवारी जाते म्हणे. चौतीस वर्षांच्या संसारात बियाण्यांच्या कॅटलॉगखेरीज या बाईनं काही वाचलेलं मला आठवत नाही. तासाभरानं आली. हातात पुस्तक नाही.

बुधवार, २२ एप्रिल

सहज विचारलं, "काय वाचतेस तिथं?"

"स्वयंपाकाची पुस्तकं."

जेवायला कालचंच मीटलोफ.

शनिवार, २५ एप्रिल

बाजारात एक नवीन माणूस. नाव पेल. चांगला कोट, खिशात भिंग. जुने फोटो आणि पत्रं गोळा करतो. माझ्या ठेल्यावर दोन मिनिटं रेंगाळला, "छान, छान" म्हणाला. थेल्माच्या ठेल्यावर अर्धा तास. मुरंब्याला भिंग कशाला लागतं?

घरी आल्यावर डोकं चालू झालं. ऑर्डर देणारी माणसं आपापल्या घरचे फोटो, पत्रं आणून देतात. ती मी सोमवारी काचेच्या मापाला लावून बाकावर ठेवतो. झाळतो बुधवारी. मधे मंगळवार.

हे लिहायचं नव्हतं. लिहिलं.

गुरुवार, ३० एप्रिल

नोला भांडी घासताना गुणगुणत होती. कशाच्या खुशीत ते विचारलं नाही.

शनिवार, २ मे

आज हासबाई आल्या. ल्युसिंडा हास, वय अठ्ठ्याऐंशी, हातात काठी, जिभेला धार. मी त्रेसष्ट वर्षांचा, पण त्यांच्या लेखी पोरगाच.

"पोरा, हा माझा भाऊ ड्यूई," म्हणाल्या आणि तिकिटाएवढा एक फोटो तळहातावर ठेवला. जत्रेतल्या यंत्रात काढलेला. एकोणीस वर्षांचा मुलगा, टोपी मागं सरकवलेली, आता हसेल असा. कोळशाच्या बोटीवर कामाला होता. छत्तीस साली नदीत पडला, सापडला नाही.

"पुढच्याच जानेवारीत पूर आला. घर गेलं, अल्बम गेले, कोंबड्या गेल्या. हा माझ्या बुटात होता म्हणून राहिला. एवढाच आहे. हा गेला की ड्यूई कसा दिसायचा ते फक्त माझ्या डोक्यात. आणि माझ्या डोक्याची अवस्था तू बघतोच आहेस."

हे गळ्यात घालून त्यांना बहिणीच्या नव्वदीला जायचं आहे, जूनमध्ये.

नोला मधेच म्हणाली, "लायब्ररीत याची छान नक्कल निघेल. ती काचेत घालू, हा घरी जपून ठेवा."

"नक्कल मी रोज आरशात बघते. चेहरा तोच आहे आमचा. मला हा गळ्यात पाहिजे."

मी म्हणालो, "हासबाई, माझ्या ठेल्यावर नक्कल मिळतच नाही. जुना कागद मी डोळे मिटून बोटानं ओळखतो."

थेल्मा पलीकडून म्हणाली, "ऑरिनचं बोट आता संग्रहालयात ठेवायला हवं." सगळे हसले. नोला हसली नाही. फोटोकडे बघत होती, आणि तिच्यामागं उभा राहून तो पेलही बघत होता.

फोटोत ड्यूईच्या मागं बोटीचं चित्र रंगवलेला पडदा आहे. असल्या फोटोला गिऱ्हाईक असणार.

सोमवार, ४ मे

ड्यूईच्या पाठीवर पेन्सिलीनं एक ठिपका दिला, अगदी कोपऱ्यात. शोधणाऱ्यालाच दिसेल असा. मग बाकावर ठेवला.

मंगळवार, ५ मे

नोलाला म्हटलं, हार्डवेअरच्या दुकानात जातो. खोटं नव्हतं. ते दुकान लायब्ररीच्या बरोबर समोर आहे.

दहा वाजून वीस मिनिटांनी दोघी आल्या. नोला आणि थेल्मा. काचेतून सगळं दिसत होतं. नोलानं पर्समधून पाकीट काढलं, पाकिटातून काहीतरी चिमटीत धरून काढलं, आणि नकला काढायच्या यंत्राच्या काचेवर ठेवलं. हिरवा उजेड सरकला. लायब्ररीतली बाई येऊन रंग कमीजास्त करून देत होती – म्हणजे सरावाचं काम!

हार्डवेअरवाला विचारत होता, "ऑरिन, खिळे किती देऊ?" मी म्हटलं, "दे अर्धा पौंड." मला खिळे नको होते.

बुधवार, ६ मे

ड्यूई बाकावर होता. उलटा केला. ठिपका नाही.

नक्कल उत्तम. जुन्या पुठ्ठ्यावर चिकटवून कडा चहात बुडवून पिवळ्या केल्यात. खरं लिहायचं तर माझ्या बोटाला काही कळलं नव्हतं. आणखी कितीदा कळलं नसेल?

नोला बागेत होती. तिची पर्स उघडली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. बियाण्यांच्या कॅटलॉगमध्ये पाकीट, वर नाव 'हास', तोंड चिकटवलेलं नाही. आत ड्यूई, पाठीवर माझा ठिपका.

चोरावर मोर व्हायचं ठरवलं. खरा काढून घेतला, नक्कल पाकिटात सरकवली. पेलसाहेब, लावा भिंग!

मग खऱ्या ड्यूईला काचांमध्ये बसवलं, पट्टी गुंडाळली, तेजाब फिरवलं, डाख ओढला. दुकानातलं तेच तेजाब, बाटली संपत आली आहे. डाख पाण्यासारखा पळतो त्यानं. हल्लीची पोरं ती राळेची पेस्ट वापरतात, डाख चिखलासारखा चालतो. ओल्या फडक्यानं पुसून कडी लावली. आरशासारखी कड झाली. अकरा वर्षांतलं सगळ्यात चांगलं काम.

नोलाला काही बोललो नाही. शनिवारी रंगेहाथ पकडायचं.

शनिवार, ९ मे

पाऊस. बाजार भरला नाही. घरात दोघंच. तिनं ॲपल पाय केला, बाजारात विकते तसा. मी दोन तुकडे खाल्ले आणि ती माझ्याकडे बघत राहिली. चोराच्या हातचा ॲपल पाय इतका चांगला लागायला नको होता.

शनिवार, १६ मे

हासबाईंनी लॉकेट उजेडात धरलं, बराच वेळ. म्हणाल्या, "आलास का रे," आणि गळ्यात घातलं. मला दुसरीकडे बघावं लागलं.

म्हणूनच पुढचं दिसलं. नोलानं थेल्माला पाकीट दिलं. मी पेलकडे नजर ठेवली. पेल तिथंच होता, थेल्माच्या खोक्यांवर बसून बिस्किटावर मुरंबा लावत होता. थेल्मानं पाकीट घेतलं, त्याच्या अंगावरून पुढं गेली, आणि हासबाईंच्या पिशवीत हळूच सरकवलं. कानाशी लागून काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं – "मूळचा आहे. घरी नीट ठेवा. त्याला सांगू नका."

पेलनं तिचा हात धरला. ती लाजली. थेल्मा! बासष्ट वर्षांची!

घरी आलो. मग स्वयंपाकघरात विचारलं. "तू ऑर्डरचे फोटो बदलतेस."

"हो." नाकारलंसुद्धा नाही. "तीन वर्षं झाली."

"का?"

"ऑरिन, तुझं तेजाब आत जातं. पट्टीखालून. रेडिएटर तू नळीखाली धुवायचास. या काचा कुणी धुवायच्या? आधी कड हिरवी होते, मग आतला कागद तपकिरी होतो. लोक परत आणून देतात. तू कॉफीला गेलास की. माझे ॲपल पाय विकून आलेले पैसे त्यांना देते. मग थेल्मा म्हणाली, निदान खरे फोटो तरी वाचवू."

मी म्हटलं, एकदा सांगायचंस.

"सांगितलं होतं. दोन हजार सालात. 'वेगळं काही लावून बघ' असं मी म्हणाले. तू म्हणालास, बायकांनी मला डाख शिकवायचा का. आणि आठ दिवस गॅरेजमध्ये दिवा न लावता बसलास. दुकान बंद झालं त्या वर्षीसारखा. मला तो माणूस परत नको होता."

मला ते आठवत नाही. म्हणजे आठवतं.

तिनं फडताळावरून बिस्किटांचा मोठा डबा काढून टेबलावर ठेवला. "परत आलेली सगळी यात आहेत." मी झाकणाला हात लावला नाही. तरीही जिंकायची सवय जात नाही – म्हणालो, "यावेळी मात्र तुझी फसगत झाली. लॉकेटात खरा ड्यूई आहे. मी परत बदलला."

नोला खुर्चीवर बसली. ओल्या हातानंच बसली.

"हासबाईंना सांगितलंय की खरा पिशवीत आहे," म्हणाली. "त्या जपतील तो पिशवीतला, ऑरिन."

रविवार, १७ मे

चर्च सुटायची वाट बघितली आणि त्यांच्या घरी गेलो. सोबत इस्त्री – आमची झाळायची – पकड, आणि नोला. हासबाई चर्चच्या कपड्यांतच होत्या. गळ्यात ड्यूई.

उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. नक्कल, ठिपका, पर्स, तेजाब. त्यांनी लॉकेट काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "उघड."

डाख वितळवला, काचा सोडवल्या. अकरा दिवस झाले होते. खालच्या बाजूनं तपकिरी ओल चढली होती. कॉलर गेली होती. हनुवटीला लागली होती. वरचं ओठापासून टोपीपर्यंत तसंच – आता हसेल असं.

हासबाईंनी भिंगातून बघितलं. "पुरातून बुटात कोरडा आला. तुझ्याकडं अकरा दिवसांत भिजला."

"चूक माझी."

"ती दिसतेच आहे, पोरा. तोंड आहे अजून त्याला. तेवढं पुरे." मग पिशवीतलं पाकीट काढून नक्कल माझ्यापुढं केली. "ही घाल काचेत. काय घेशील?"

"काही नाही."

"मग दोन कर. एक बहिणीला. आणि ते पाणी नको लावू."

नोलानं ड्यूईला टिपकागदात गुंडाळलं. मला वाटलं त्या परत बुटात ठेवतील. बायबलमध्ये ठेवला.

गाडीत नोला म्हणाली, "राळेची पेस्ट हार्डवेअरमध्ये मिळते. खिळे परत दे आणि ती आण."

तिला खिळ्यांचंही ठाऊक होतं.

सोमवार, १८ मे

डबा उघडला. एकसष्ट पाकिटं, प्रत्येकावर नोलाच्या अक्षरात नाव आणि तारीख. सगळ्यात खालचं जून एकोणीसशे नव्व्याण्णवचं. आत त्या नवरीचं लॉकेट. आजीच्या पत्रातलं एकही अक्षर राहिलेलं नाही.