स्क्रीन शिकण्याची माझी पद्धत

३ मार्च, सोमवार
दूध प्लांटमध्ये नवी सिस्टीम येणार. आज साहेबांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं. बटणांचं जुनं पॅनेल महिनाअखेर निघणार, त्या जागी मोठी टचस्क्रीन. टाक्या भरणं, दूध तापवणं, टाक्या धुणं, सगळं बोटाने. पॅनेलवर बसणाऱ्या प्रत्येकाने ऑनलाइन कोर्स करायचा. शेवटी परीक्षा.
बाकीच्यांचे चेहरे उतरले. माझा नाही. बदलाला मी कधीच घाबरलेलो नाही. मोबाइल आला तेव्हा आठवड्यात शिकलो होतो. फोन उचलणं आणि ठेवणं. बाकीचं लागतं कुणाला?
ज्यांना स्क्रीन जमणार नाही त्यांची सोय दुसरीकडे करू, असं साहेब शेवटी म्हणाले. म्हणताना माझ्याकडे बघत होते. बहुधा आधार म्हणून.
संकल्प: रोज संध्याकाळी एक धडा.

४ मार्च, मंगळवार
पहिला धडा उघडला. शिकवणाऱ्या बाईंचा आवाज फार एकसुरी. त्या 'नमस्कार' म्हणाल्या, इथपर्यंत पक्कं आठवतंय.
जाग आली तेव्हा बायको शिवणयंत्र सोडून शेजारी येऊन बसली होती. धडा संपला होता. शेवटचे प्रश्न तिनेच सोडवले. कशाला, म्हणून विचारलं. तर म्हणे, स्क्रीन सारखी विचारत होती, उत्तर न देणं बरं दिसेना.
दहापैकी दहा. झोपेत ऐकलेलं आत खोलवर जातं, असं मी कुठेतरी वाचलंय.

९ मार्च, रविवार
कोर्स जोरात. पद्धत बसली आहे. ही गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड करता करता धडा ऐकते आणि प्रश्न सोडवते. देखरेख माझी.
मधूनमधून मलाच शिकवायला बघते. आज म्हणाली, टाकी धुवायच्या आधी ती रिकामी आहे का हे आपण स्वतः बघायचं, स्क्रीनने विचारलं म्हणून नुसतं 'होय' दाबायचं नाही. मी म्हटलं, अगं, अर्धं आयुष्य टाक्याच बघण्यात गेलं माझं. ती पुढच्या पँटीला लागली. पटलं असावं.

१६ मार्च, रविवार
परीक्षा झाली. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. दोन मार्क कुठे घालवलेस, असं हिला विचारलं. म्हणाली, दारात गिऱ्हाईक आलं होतं. यापुढे लक्ष देत जा, एवढंच म्हटलं. जास्त बोललो नाही.

१८ मार्च, मंगळवार
प्लांटमध्ये मी पहिला. दुसऱ्या लॅबबाई, पण बऱ्याच मागे. दुधाच्या चाचण्या करणारी बाई, तिला पॅनेलचा कोर्स करायची हौस का, कळत नाही.
साहेबांनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला आणि मला प्रशिक्षण प्रमुख केलं. इतरांना मी शिकवायचं. टाळ्या झाल्या. छातीत काहीतरी हललं. अभिमान असणार. अभिमानाने घशाला कोरड पडते हे माहीत नव्हतं.
घरी सांगितलं. हिची सुई हातातच थांबली. "अहो, साहेबांना खरं काय ते सांगून टाका."
मी म्हटलं, खरं म्हणजे काय? कोर्सवर नाव कुणाचं? माझं. मग कोर्स कुणाचा झाला?
रात्रीची भाजी मुद्दाम अळणी केली होती.

२१ मार्च, शुक्रवार
पहिला वर्ग. सरावासाठी छोटी स्क्रीन लावली होती. फिटरने लगेच विचारलं, मधली टाकी रिकामी कशी करायची? मी म्हटलं, उत्तम प्रश्न, कोण सांगेल? लॅबबाईंनी सांगितलं. बरोबर आहे का, असं फिटरने मला विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? तास असा भुर्रकन गेला. असा मास्तर आम्हाला शाळेत मिळाला नाही, असं फिटर जाताना म्हणाला.
सगळे गेल्यावर लॅबबाई थांबल्या. म्हणाल्या, भाऊ, एकदा तुम्ही स्वतः करून दाखवा ना. मी म्हटलं, उद्या. चष्मा घरी राहिलाय.
चष्मा नाकावर होता. बाई चष्म्याकडे बघत राहिल्या.

२५ मार्च, मंगळवार
चष्म्यानंतर घसा बसला. घशानंतर पाठ. आता अवयव शोधावे लागणार.
हिला म्हटलं, जरा उजळणी घे. शिकव नाही, उजळणी. तिने जमिनीवर कापडाचा मोठा तुकडा पसरला आणि खडूने अख्खी स्क्रीन काढली. इथे टाक्या, इथे पंप, इथे धुलाई. दाबा म्हणाली. दाबलं. चुकीचं, पुन्हा. पुन्हा चुकीचं. थोड्या वेळाने मी उठलो. कापडावर शिकून काय होणार? प्रत्यक्ष जागेवर हात आपोआप चालतो.
ती कापडाची घडी घालत बराच वेळ तिथेच बसली होती.

३१ मार्च, सोमवार
जुनं पॅनेल काढलं. फिटर वायरी उपटत होता आणि मी उभा होतो. 'बंद'चं मोठं लाल बटण माझ्या अंगठ्याने झिजून पांढुरकं झालेलं. ते भंगाराच्या डब्यात पडलं.
त्याआधी साहेबांना म्हटलं होतं, थोडे दिवस दोन्ही राहू द्या, इतरांच्या मनाची तयारी व्हायला. साहेब म्हणाले, "तुमच्या भरवशावरच तर लवकर काढतोय."
जेवण गेलं नाही. हवा बदलली आहे.

६ एप्रिल, रविवार
उद्यापासून सगळं नव्या स्क्रीनवर. पहिली पाळी माझी. मन एकदम शांत. सकाळपासून तीनदा अंघोळ केली.
साहेबांना अजूनही फोन करता येईल, असं ही म्हणाली. मी म्हटलं, ऐन वेळी माघार घेणारा माणूस मी नाही.
फोन दोनदा हातात घेतला होता. चार्जिंग बघायला.

७ एप्रिल, सोमवार, दुपार
अक्षर वेडंवाकडं येतंय.
सकाळचे पहिले दोन तास छान गेले. स्क्रीन सगळं आपलं आपण करत होती आणि मी मान डोलवत होतो. मग नारिंगी पट्टी आली: दोन नंबरची टाकी धुण्यासाठी तयार. मी दाबलं. बोट जाड, आकडे चिकटून. तीन नंबर दाबला गेला. तीनमध्ये दूध होतं आणि ते थेट पॅकिंगला जात होतं.
स्क्रीनने विचारलं, टाकीत दूध आहे, तरीही पुढे जायचं? मला वाटलं, विचारायची पद्धत असेल. होय. सुपरवायझरचा कोड मागितला. प्रशिक्षण प्रमुख म्हणून मला मिळालेला होता, दिला. पुन्हा विचारलं. होय.
मग सगळं लाल झालं आणि भोंगा सुरू झाला.
टाक्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुतात. तोंडात गेलं तर घसा भाजतो. ते पाणी पाइपातून दुधाकडे निघालं होतं, आणि ते दूध पिशव्यांत भरून घराघरांत जाणार होतं. लहान मुलांच्या हॉस्पिटललाही आमचंच जातं. हे सगळं मला ठाऊक होतं. 'बंद' कुठे आहे, एवढंच ठाऊक नव्हतं. स्क्रीनवर लाल गोष्टी पुष्कळ होत्या. एक दाबली, भोंगा वाढला.
हिला फोन लावला. पॅनेलवर फोनला बंदी आहे. लावला.
काचेपलीकडून लॅबबाई धावत आल्या. मी म्हटलं, एक मिनिट, बोलतोय. त्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि स्पीकरवर टाकला. मी दिला, असंच म्हणायला हवं.
"कोण बोलतंय?"
"यांची बायको. कुठली टाकी?"
"तीन. धुलाई चालू झालीय."
"वर डाव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आहेत, त्या दाबा. आता व्हॉल्व्ह. पॅकिंगकडे जाणारा आधी बंद करा. झाला? आता धुलाईचा पंप."
लॅबबाईंचं बोट सरसर फिरत होतं. भोंगा थांबला. पॅकिंगवाल्यांना सांगा, एकही पिशवी बाहेर जाऊ देऊ नका, चाचणी होईपर्यंत, असं हिने बजावलं. लॅबबाई त्याआधीच पॅकिंगकडे धावल्या होत्या.
फोन टेबलावर तसाच. मागे वळलो तर दारात साहेब. केव्हापासून, माहीत नाही.
"अहो," फोनमधून आवाज आला, "तुम्हाला काही झालं नाही ना?"
साहेब फोनकडे बघत होते. मग माझ्याकडे.
मी होय म्हटलं. नंतर लक्षात आलं, नाही म्हणायचं होतं.

८ एप्रिल, मंगळवार
पिशव्या स्वच्छ निघाल्या. कॉस्टिक पॅकिंगपर्यंत पोचलंच नव्हतं. टाकीतलं दूध मात्र सगळं सोडून द्यावं लागलं. मला तिथे उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी उभा राहिलो. पांढरं पाणी बराच वेळ वाहत होतं.
साहेबांकडे जाण्याआधी मुद्दे काढले होते. एक, आकडे फार जवळजवळ आहेत. दोन, संकटात योग्य व्यक्तीला फोन करण्याचं प्रसंगावधान कुणी दाखवलं?
साहेबांनी मुद्दे विचारले नाहीत. एकच विचारलं. कोर्स कुणी केला?
मी म्हटलं, घरी मिळून.
ते डोळे मिटून बसले. मला वाटलं, डोकं दुखतंय. गोळी आणू का, असंही विचारलं.

१० एप्रिल, गुरुवार
पॅनेलवर लॅबबाई. माझी नेमणूक मागच्या धक्क्यावर, क्रेट गाडीत चढवून घ्यायच्या. हवा मोकळी आहे. पाठीला व्यायाम. अनुभवी माणूस तिथे हवाच होता.
फिटर दोनदा समोरून गेला. मास्तर म्हणाला नाही.
कोर्स पहिल्यापासून पुन्हा करायचा. परीक्षा लॅबबाईंसमोर. तोवर धक्का.
घरी येऊन हिला म्हटलं, रविवारपासून सुरू करू या. 'या' म्हटल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बरं, करतो.

१३ एप्रिल, रविवार, सकाळ
पहिला धडा. झोप येऊ नये म्हणून उभ्याने ऐकला. 'नमस्कार'नंतरही बाई बरंच काही सांगतात. त्यातलं थोडं कळलंसुद्धा.
ही समोर बसून कुणाच्या तरी शर्टाची बटणं लावत होती. आज मी एक शब्द बोलणार नाही, असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं.
पहिला प्रश्न. चार पर्याय. मी तिच्याकडे बघितलं. ती बटणाकडे बघत होती. बराच विचार केला. खरोखर केला. पहिला पर्याय दाबला.
चूक. पुन्हा प्रयत्न करा.
दुसरा असेल का गं, असं मोठ्याने म्हणून बघितलं. तिने दाताने दोरा तोडला आणि पुढचं बटण घेतलं.
दुसरा दाबला. तोही चूक.
आता दोनच उरलेत. प्रगती आहे.