परीक्षेची दाढ

कळंब, ता. आंबेगाव
५ मे २०२५

ती. आजोबांस,
सोनलचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मी ओरडायला लागले की मंगलमावशीच्या शेजारणी गॅलरीत येतात, म्हणून पत्रच बरं. मावशीकडे सगळी खुशाल आहेत. कॉलेजात मात्र माझी फजिती झाली. पहिल्यांदाच खऱ्या पेशंटजवळ उभं केलं, तर मी सवयीनं त्यांचा खालचा ओठ अंगठ्यानं ओढला आणि ‘जुळलेला’ म्हणून मोकळी झाले. सगळे दात आलेल्या बैलाला तसं म्हणतात हे मॅडमना समजावून सांगावं लागलं. पेशंट बिचारे शेतकरीच, ते आधी हसले. दोष तुमचा. शाळेच्या वयात मला बेल्ह्याच्या बाजारात बैलांची तोंडं दाखवत हिंडवलंत.

आता कामाचं. दंत सहाय्यकाचं आमचं वर्ष संपत आलं. २६ तारखेला प्रात्यक्षिक आहे. डॉक्टर दाढ काढणार, आम्ही हत्यारं हातात द्यायची, तोंडातलं पाणी नळीनं ओढायचं आणि पेशंटला धीर द्यायचा. पेशंट मात्र ज्याचा त्यानं आणायचा. नाही आणला तर नापास, म्हणजे आणखी सहा महिने, आणि मंचरच्या दवाखान्यात माझ्यासाठी ठेवलेली जागा दुसरीला जाणार. तुमची दाढ दिवाळीपासून ठणकतेय असं आईनं कळवलंय. तेव्हा तुम्हीच या.

लोभ असावा आणि तोंड उघडावं, एवढंच मागणं.
तुमची सोनल

डिंगोरे, ता. जुन्नर
१० मे २०२५

चि. सोनल हिस,
सावळेरामचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. ओट्यावर चौघांना वाचून दाखवलं, सगळे पोट धरून हसले. दाढेचं म्हणशील तर गार पाणी, गरम चहा, भाकरी आणि बोलणं सोडलं तर तिचा काही त्रास नाही. लवंग धरतो, भागतं. शिवाय बाजारात तोंड उघडतात ते विकायला काढलेल्याचं. चाळीस वर्षं मी दलाली केली, दुसऱ्यांची तोंडं पाहिली. आता या वयात परक्यापुढं आपलं उघडायचं म्हणजे कमीपणा.

पण तुझं अडू देणार नाही. शेजारच्या गेणूला तयार केलाय. मी स्वतः त्याला उन्हात उभा करून दात पाहिले. एकसारखे, पांढरेशुभ्र, तिशीतल्या गड्याला नसतील असे. त्यातली एखादी दाढ काढली तरी बाकीच्या आहेतच, त्याला काही फरक पडत नाही. परवा पाठवतो.

जपून राहा, मावशीला कामात मदत कर.
तुझा आजोबा सावळेराम

कळंब
१५ मे २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र ओट्यावर वाचू नका. गेणूबाबा आले. मॅडमनी वय विचारलं तर त्यांनी आ केला आणि म्हणाले, तुमीच बघा दातांवरनं. डॉक्टरांनी आत पाहिलं, दोन बोटं घातली आणि अख्खी बत्तिशी काढून ट्रेमध्ये ठेवली. कवळी आहे, आजोबा. पुण्यात जाऊन गुपचूप बसवून आणलीय आणि गावात कुणाला पत्ता नाही. मला शपथ घालून गेलेत. घासून कोवळे केलेले बैलाचे दात लांबून ओळखणारा माणूस म्हणून तालुक्यात तुमचं नाव, आणि शेजारच्या घरातली कवळी ओळखता आली नाही?

आता चेष्टा पुरे. बावीस तारखेच्या आत पेशंटचं नाव द्यायचंय. वर्गातल्या सगळ्यांची दिली गेली, माझंच कोरं आहे. मला रात्रंदिवस तीच काळजी लागलीय.

वाट पाहणारी,
सोनल

डिंगोरे
१८ मे २०२५

चि. सोनल हिस आशीर्वाद.

माझं नाव दे. गेणूचा मुलगा गोरख मोटारसायकलवर घेऊन येईल. कमीपणाचं लिहिलं ते खोटं होतं. मला सुईची भीती वाटते. हे तुझ्या बापाला कळू देऊ नकोस.

सावळेराम

कळंब
३० मे २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

पास झाले. पेशंटला धीर देण्याचे गुण वर्गात सगळ्यांत जास्त मला. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, की पेशंटचं तोंड उघडं, त्याला बोलता येत नाही, आणि तो काही हालचाल करायच्या आधीच तू डॉक्टरांना थांबा कसं म्हणत होतीस. मग सांगावंच लागलं, की आमच्याकडे बैलांचे व्यापारी भाव तोंडानं बोलत नाहीत, उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या डाव्या हातावर उपरणं टाकलंत आणि ठरवून घेतलंत: एक बोट म्हणजे चालू द्या, दोन म्हणजे दुखतंय, तीन म्हणजे पाणी ओढ. बाई म्हणाल्या, हे पुस्तकात नाही. पण त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. तुम्ही दोन बोटं अकरा वेळा दाबलीत हे मी बाबांना सांगितलेलं नाही.

एक मात्र कळलं नाही. दाढ निघाली, तोंडात कापूस घातला, उठायला हरकत नव्हती. तेव्हा तुम्ही माझी पाचही बोटं धरलीत आणि कितीतरी वेळ सोडलीच नाहीत. पाच म्हणजे काय ते आपलं ठरलं नव्हतं. तेवढं कळवा.

तुमचीच,
सोनल

डिंगोरे
४ जून २०२५

चि. सोनल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भाकरी दोन्ही बाजूंनी खातोय. गेणूला अजून काही बोललो नाही, पण त्याच्याकडे पाहिलं की हसू आवरत नाही.

पाच बोटांचं विचारलंस. दुखत नव्हतं, पाणीही ओढायचं नव्हतं. तू एवढी मोठी कधी झालीस ते मला त्या खुर्चीत कळलं, आणि मग तुझा हात सोडवेना. बाकी त्याचा अर्थ काही नाही.

तुझा आजोबा
सावळेराम