डिंकाचे लाडू आणि वहिनीचा गाल

शेगाव, सोमवार, संध्याकाळ

वहिनीच्या गालावरची गाठ कॅन्सरची नाही! तुकडा तपासला, तर जुन्या फिलरच्या इंजेक्शनचीच निघाली. पण माझ्या मनात घोळतोय तो तिचा पदर. गाठ दिसल्यापासून गालावरून हटला नव्हता.

मागच्या सोमवारी डॉक्टरांनी आईसमोरच विचारलं, "गालात कधी इंजेक्शन घेतलं होतं?" आणि आई तर गल्लीभर सांगायची, बाळंतपणानंतर सुनेचे गाल माझ्या डिंकाच्या लाडवांनी भरले! तिच्या जागी मी असते तर सरळ नाही म्हटलं असतं. वहिनीनं पदर खाली घेतला. "हो, घेतलं होतं. गाल भरायले."

आज शेजारच्या काकू विचारायला आल्या, तर आई म्हणाली, "गाल तं सुईनं भरले वो बाई. लाडू तिनं माह्या मनासाठी खाल्ले."