हिरवं सफरचंद, लिंबाची साल

३ मार्च, सकाळ
आजपासून राग बंद. मालक म्हणाले, शनिवारी वाइनरीचा पाहुणा येतोय. त्याला पांढरी वाइन आणि सोबतचा पदार्थ पसंत पडला, तर रेस्टॉरंटचं वाइन काउंटर माझं. नाही तर जन्मभर कॅप्टन, म्हणजे टाय लावलेला वेटर. जाणकार माणूस शांत असतो. मी शांत आहे.

दुपार
शेफने किचनचं झुलतं दार पुन्हा माझ्या नाकावर सोडलं. वर म्हणतो, बाहेर यायच्या दारातून तुम्ही आत का घुसता? वर्षानुवर्षं हेच चाललंय. मी बर्फाची पेटी त्याच्या पायावर टाकली. रागाने नाही. निसटली. दोन्ही हातांतून.

४ मार्च
घरी प्रॅक्टिस. बाटलीवर लिहिलंय : हिरवं सफरचंद, लिंबाची साल. ग्लास फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. बरोब्बर! हिरवं सफरचंद, लिंबाची साल. असं नाक लाखात एक.

तेवढ्यात बायको किंचाळत आली. माझ्या कोपराशेजारी गॅसवर दूध करपून कोळसा झालं होतं. जिन्यापर्यंत वास गेला म्हणे. मी समजावलं, जाणकार एका वेळी एकच वास घेतो. तिने पातेलं फेकलं. भिंतीचा पोपडा उडाला. मी वाकलो म्हणून वाचलो.

५ मार्च
मालकांनी विचारलं, वाइनसोबत काय? म्हटलं, तळलेला मासा. अशी आंबटसर, थंडगार वाइन तळणाचा तेलकटपणा धुऊन काढते. मालक खूश. शेफ म्हणाला, मासा मी आणतो. म्हटलं, नाक कोणाचं आहे? मासा मीच आणणार.

७ मार्च
मासा आणला. गाड्यावर एकच उरला होता. बाकीच्यांची पारख कमी पडली, दुसरं काय!

शेफने कागद उघडला आणि तोंडाला फडकं लावलं. म्हणाला, कॅप्टन, हा मासा सडलाय. मी मासा शेपटीला धरला आणि त्याच्या कानाखाली वाजवला. त्याने माझी गचांडी धरली. मी त्याच्या मनगटाला चावलो. भांडी धुणाऱ्या मावशींनी दोघांवर उकळत्या पाण्याचं पातेलं उगारलं, तेव्हा कुठे थांबलो.

मासा फ्रीजमध्ये, फ्रीजची किल्ली माझ्या खिशात. उद्यापासून राग बंद. आजचा धरायचा नाही.

८ मार्च, दुपार
शेफने माशाला हात लावायला नकार दिला. मीच तळला. सगळं किचन मागच्या दारातून बाहेर जाऊन उभं राहिलं. मला मोकळी जागा मिळावी म्हणून. एवढा मान कधी मिळाला नव्हता.

संध्याकाळ (डाव्या हाताने लिहितोय)
पाहुण्याने वाइन तोंडात घोळवली आणि शेजारच्या बादलीत थुंकली! माझ्या मुठी आवळल्या. शेफ कानाशी कुजबुजला, चाखणारे असंच करतात, त्यासाठीच बादली. बरं. मी शांत.

मग पाहुण्याने मासा तोंडात घातला. तोही थुंकला. मी शेफला विचारलं, माशाचीही अशीच रीत आहे का? तो म्हणाला, नाही.

मग मी ती बादली पाहुण्याच्या डोक्यात घातली. पाहुणा आडदांड निघाला. आधी बाटली फुटली, मग टेबल मोडलं, मग मी.

१० मार्च, हॉस्पिटल
नाकाला बँडेज. डॉक्टरबाई म्हणाल्या, हाड आत्ता मोडलंय ते वेगळंच, पण आधीही कितीदा तरी मोडून वेडंवाकडं जुळलंय. तुम्हाला कित्येक वर्षांत वास आला नसणार. मी हसलो. फार दुखलं. वाइनमधलं बाईंना काय कळतंय!

११ मार्च
शेफ भेटायला आला. काउंटर त्याला मिळालं. उठून ठोकणार होतो, पण हाताला सलाइन. तो स्टुलावर बसला आणि चक्क रडला. दार तुमच्या नाकावर सोडायला नको होतं, म्हणाला. मग त्याने थर्मासमधून स्टीलच्या ग्लासात काहीतरी ओतलं आणि माझ्यापुढे धरलं.

मी ओळखलं. काउंटर मिळालं तरी पारख माझ्याकडूनच करून घ्यावी लागतेय! ग्लास फिरवला. बँडेजची कड उचलून नाक आत घातलं. डोळे मिटले. म्हटलं, हिरवं सफरचंद. लिंबाची साल. आज तर जास्तच स्पष्ट.

शेफने डोळे पुसले. मग हळूच म्हणाला, कॅप्टन, पाणी आहे. गोळी घ्यायला.

गोळी घेतली.