नागपूरचं मला विचारू नका

४ जुलै
नाय, मला नागपूरचं काय दुःख नाय. आधीच सांगून ठेवते. मानसी भाची माझी, मी वाढवली, म्हणून काय पायात दोरी नाय बांधली तिच्या. नागपूरच्या हायकोर्टात जज्जसाहेबांच्या हाताखाली एक वर्षाची नेमणूक आलेय. निकाल वाचायचे, टिपणं काढून द्यायची. तेवढं वर्ष स्वतःची वकिली बंद. महिनाअखेर हो-नाय कळवायचं. पण आमच्या बाईसाहेबांना वकिली करायचेय ती इथं, रत्नागिरीत, बंदरावरच्या लोकांची. मग अर्ज केलाच कशाला? "मैत्रिणीने भरला म्हणून मी पण भरला." घ्या!

७ जुलै
पावसाळ्याची मासेमारी बंद, बोट वर काढून झाकून ठेवलेय, तरी डोक्याला ताप हायच. सुऱ्या खलाशी आला होता. गेल्या साली मला न सांगता गोव्याच्या बोटीवर गेला. आता परत घ्या. "अक्का, तिकडं नवीन मशीन शिकलो." शिकलास तर शिक. जागा भरली. पांडू तांडेल, माझी बोट हाकतो तो, मध्ये पडला, हात चांगला हाय त्याचा. मी बोलले, हाताचं राहू दे, पाय कुठे असतात त्याचे?

११ जुलै
मानसीचं रोज तेच. जेवताना पण. एका घासाला, जज्ज निकाल कसा करतात ते आतून बघायला मिळेल, असं कुणाला मिळतं? दुसऱ्या घासाला, तिकडं समुद्र नाय, बोटी नायत, ओळखीचं कुत्रं नाय. परत येईपर्यंत इथले विसरलेले असतील. मी बोलले, ठरव एकदाचं, आमटी निवतेय. वकील झाल्यापासून ज्या वकीलसाहेबांच्या ऑफिसात बसतेस त्यांना काय सांगितलंस? आमटी ढवळत, "अजून नाय सांगितलं."
म्हणजे सुऱ्याच की ही! मालकाला न सांगता दुसरी बोट बघायची नाय, ही आमची रीत.

१४ जुलै
वकीलसाहेबांकडं जाऊन आले. सोडे नेले, सुकवलेली कोळंबी, आवडतात त्यांना. सरळ बोलले, मानसी वर्षभर नागपुरास गेली तर जागा धरून ठेवा, परत तुमच्याकडंच येईल.
"नागपूर? कसलं नागपूर?"
सांगितलं सगळं. हसले. "बरं केलंत, कानावर घातलंत." सोडे ठेवून घेतले. झालं काम. एवढ्यासाठी पोरगी आठ दिवस कण्हत होती.

१६ जुलै
मानसी दुपारीच घरी. खिडकीजवळच्या तिच्या टेबलावर नवा वकील बसवलाय. बुडालेल्या बोटीच्या विम्याची केस तिनेच उभी केली, तिचे कागद पण त्याच्याकडं. साहेब बोलले म्हणे, तू काय, जाणारच आहेस.
मी बोलले, चोरून कशाला ठेवायचं?
"चोरून नव्हतं गो आत्ये! मी ठरवत होते. ठरवायच्या आधी कुणी सांगतं?"
आम्ही सांगतो, बोलले.
"ती बोट आहे. इथं एका टेबलावर दहा जण टपलेत. आता राहिले तर बसायला जागा नाय, न् गेले तर हाकलली म्हणून गेले."
दार आपटलं. कडी निखळली.

१७ जुलै
जेवली नाय. सुक्या बांगड्याचं केलं होतं, तिच्या आवडीचं. मांजराचं साधलं.

२१ जुलै
परत गेले साहेबांकडं. सांगितलं, पोरगी काय बोलली नव्हती, मीच आगाव, तिचं टेबल तिला द्या. "बघू," बोलले. लिलावात बघू बोलणाऱ्याला मी मासळी दाखवत पण नाय. त्याचं बघून होईपर्यंत बर्फाचं पाणी.
घरी कळलं तर दुसरा तमाशा. "परत गेलीस? आता वाटेल मीच रडून तुला पाठवलं!" पाठवलं कुठं, माझी मी गेले. ते तर म्हणे त्याहून वाईट. चांगलं करायला जावं तर...

२५ जुलै
कडी बसवून घेतली. ती आतून लावूनच बसते.

२९ जुलै
परवा उत्तर द्यायचं. सकाळी जाळं घेऊन बसले होते, तिथं आली स्वतःहून. सुई घेतली, फाटलेलं विणायला लागली. शाळेत होती तेव्हा शिकवलेलं, हात विसरला नाय. मग खाली बघूनच बोलली, "आत्ये, जज्ज, साहेब सगळं राहू दे. तुझ्या बोटीवरचा माणूस वर्षभर बाहेर जाऊन शिकून आला, तर तू घेशील परत? खरं सांग."
दोरा गुंतलाय, मी बोलले. ती बसून राहिली. मी मान वर केली नाय.

३० जुलै
मानसी उत्तर लिहायला बसलेय. हो लिहितेय की नाय, विचारणार नाय.
पांडूला बोलले, सुऱ्या दिसला तर पाठव माझ्याकडं. "कशाला अक्का? जागा भरली ना?" तुला काय करायचंय, पाठव. मानसी आतून आयकत होती, लिहायची थांबली.
कशाला बोलावलं ते तिला पण नाय सांगितलं. इथं पण नाय लिहिणार.