सेमाडोहच्या रानाची तपासणी

सेमाडोह, ता. ९ डिसेंबर १९६२

चि. जावईबापू शेषरावजी यांस सासरे भगवंत यांचे अनेक आशीर्वाद. ललिताचा खोकला थांबला असेलच (नसल्यास आल्याचा रस आधी, डॉक्टर नंतर).

शाळेची सहल आणण्याइतका येथील ‘वनश्री निवास’ अस्सल रानातला आहे काय, असे आपण हेडमास्तर या नात्याने विचारले होते. तपासनीस म्हणून माझी निवड योग्यच झाली. पस्तीस वर्षे मी चौथीला रानाच्या कविता शिकवल्या. रान तेवढे पाहायचे राहिले होते, आणि ते न पाहताच डोळे मिटतील अशी धास्ती वाटू लागली होती.

मालक सूर्यभानजी पूर्वी सडकेच्या खात्यात होते. त्यांनी आवारातल्या प्रत्येक सागाला कमरेइतका गेरू-चुना फासून नंबर टाकले आहेत (माझी खाट सतरा नंबरखाली). पान पडले की लगेच झाडू. हरणे आहेत, सिमेंटची. तरी सायंकाळी सहाला वाघाची डरकाळी ऐकली आणि अंगावर काटा आला. जागच्या जागी आठ ओळी रचल्या. नववीच्या शोधात गोठ्यामागे गेलो, तर वाघ उकिडवा बसून मडक्यात तोंड घालून घुमत होता! हा डोमाजी, येथला पाणक्या. मला पाहून वाघच दचकला. मी त्याला आठही ओळी ऐकवल्या (दुसरे कोणी नव्हते).

“गुरुजी, कविता झकास हाये,” तो म्हणाला, “पण खरा वाघ असा रोज सहाच्या ठोक्याले वरडते का? त्याले काय शाळेची घंटा हाये? उद्या चाला माह्या संग.”

पहाटे त्याने नदीपलीकडे नेले. अस्वलाने नुकतेच उकरलेले वारूळ दाखवले. माती अजून ओली होती, पंजाच्या रेघा ताज्या होत्या. मी खाली बसून एका रेघेत बोट ठेवले.

“काहून उगे झाले, गुरुजी?”

शेषरावजी, एकही ओळ सुचली नाही. जन्मात असे प्रथमच झाले.

सबब अभिप्राय: निवास खोटा, रान खरे. मुलांना डोमाजीच्या गावात उतरवावे. त्याची बायको जमुना ज्वारीच्या भाकरी करील आणि वाटाड्या तोच.

आपला,
भगवंत

ता. क. सहलीची घाई नको. डोमाजी म्हणतो, गव्यांचा पाणवठा पाहायचा राहिला. तपासणीस आणखी दहा दिवस लागतील.

दुसरा ता. क. आपल्या सासूबाईंनी मला जंगलात धाडले नसते, म्हणून चांदूर बाजारला तुमच्याकडे राहायला जातो असे सांगून निघालो. गुरुवारी त्या मला न्यायला तुमच्या घरी येत आहेत. मी आंघोळीला गेलो आहे असे सांगावे, आणि दहा दिवस तेवढे सांभाळून घ्यावे.